फुलीच्या जागी सही करण्यापूर्वी

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला हक्कसोडपत्राचा मसुदा मी दोनदा वाचला. ताईने सही करावयाच्या जागी पेन्सिलीने मारलेली फुली पाहिली आणि मला माझ्या वडिलांच्या तेराव्यानंतरची संध्याकाळ आठवली. ओसरीवर तुझ्या मामांनी असाच कागद पुढे केला, ‘फुली आहे तिथे सही कर’ म्हणाले, आणि माहेर तुटेल या धास्तीने मी एक ओळही न वाचता सही केली. मी हक्क सोडला असे सगळे म्हणतात. वास्तविक मला काही हक्क होता, हेच त्या दिवशी मला ठाऊक नव्हते.

तुझे म्हणणे असे की, तुझे बाबा 2003 साली गेले आणि मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 रोजी लागू झाली, म्हणून ताईला तुझ्याइतका हिस्सा मिळत नाही. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने असाच अर्थ लावला होता, हे खरे. परंतु 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल रद्द ठरवला. मुलीचा हक्क जन्मानेच येतो, त्यामुळे दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. महाराष्ट्राने तर हा हक्क 22 जून 1994 पासूनच दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ताईचे लग्न 1992 सालचे, म्हणून ती अवघ्या दोन वर्षांनी हुकली. 2005 च्या कायद्यात ही अट नाही.

फरक किती पडतो तेही पाहा. आपली जमीन पणजोबांपासून चालत आलेली, आणि तुझे आजोबा 1954 साली, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्याही आधी वारले, म्हणून ती एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन ठरते. जुन्या हिशेबाने बाबा, तू आणि मी अशा तीन वाटण्या धरल्या जात आणि ताईला फक्त बाबांच्या वाटणीचा तिसरा भाग, म्हणजे एकूण जमिनीचा नववा हिस्सा मिळाला असता. आता तीही तुझ्याप्रमाणे जन्मतः सहहिस्सेदार असल्याने वाटण्या चार होतात, बाबांची चौथाई आपल्या तिघांत समान विभागली जाते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. राहत्या घराची वाटणी भावांनी मनावर घेईपर्यंत बहिणीला मागता येत नसे. ते कलमही 2005 मध्ये वगळले गेले.

बाबांच्या मृत्यूबरोबर वाटणी झालीच, हा तुझ्या वकिलांचा मुद्दा मला पटत नाही, कारण ती केवळ हिशेबापुरती मानलेली वाटणी असते. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा असता तर गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे दोन्ही नाहीत. सातबाऱ्यावर ताईचे नाव नाही, हेही कारण होत नाही, कारण फेरफाराची नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी मिळत नाही आणि जातही नाही. तिचे नाव त्या वेळी वगळले गेले, आणि तेव्हा मी गप्प बसले, याची मला आजही खंत आहे.

हक्कसोड करणे बेकायदा नाही. आपल्या वाट्याला काय येते हे पूर्ण समजून ताईने स्वखुशीने ते नोंदवून दिले, तर माझी हरकत असणार नाही. पण एकदा नोंदवलेला दस्त सहजासहजी मागे घेता येत नाही, म्हणून वरचा सगळा हिशेब तू स्वतः तिच्यासमोर बसून तिला सांगावास, आणि मधल्या काळात तलाठ्याकडे वारसनोंदीत तिचे नाव लावण्यासाठी अर्ज द्यावास, अशी माझी इच्छा आहे. बाबांचा मृत्यूचा दाखला लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात आहे. मसुदा या पत्रासोबत परत पाठवत आहे. ती फुली मी खोडली आहे.

तुझी,
आई