गाण्यांनी काही बदलत नाही, हे पटलं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला वर्णद्वेषाविरुद्धच्या गाण्यांवरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल मनापासून थँक्यू, पण अशा गाण्यांनी फक्त मन हलकं होतं, राज्य काही बदलत नाही, असं जे लिहिलंय ते अजिबात पटलं नाही.

साउथ आफ्रिकेचंच घ्या ना. तिथल्या गोऱ्या सरकारला गाण्यांची एवढी धास्ती होती की सरकारी रेडिओच्या लायब्ररीत नको त्या गाण्यांच्या रेकॉर्डवर चक्क टोकदार वस्तूने ओरखडे मारून ठेवायचे, म्हणजे कोणी चुकूनही लावू नये. नुसतं मन हलकं करणाऱ्या गाण्यासाठी कोण एवढे कष्ट घेईल?

व्हुयिसिले मिनी हा पोर्ट एलिझाबेथचा युनियनचा कार्यकर्ता. त्याने पंतप्रधान फेरवूर्टचं थेट नाव घेऊन, बाबा जपून राहा, काळा माणूस येतोय, असं गाणं रचलं आणि ते सभांमधून, मोर्च्यांमधून सगळीकडे गेलं. वाद्य लागत नाही, छापखाना लागत नाही, एकाने ओळ उचलायची आणि बाकीच्यांनी सूर धरायचा, चर्चमध्ये कोरस गायची सवय लोकांना होतीच, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही तोही चळवळीत आला की! पत्रकं जप्त करता येतात, गाणं कसं जप्त करणार? ६ नोव्हेंबर १९६४ ला मिनीला प्रिटोरियात फाशी दिली, दोन साथीदारांबरोबर, आणि तिघं गात गात गेले असं तेव्हा त्याच तुरुंगात असलेल्या राजकीय कैद्याने सांगून ठेवलंय.

पण गाणं थांबलं का? साउथ आफ्रिकेचीच गायिका मिरियम मकेबा, तिने तेच गाणं पुढच्याच वर्षी अमेरिकन गायक हॅरी बेलाफोंटेबरोबरच्या अल्बममध्ये घेतलं, त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. तिचा पासपोर्ट तर सरकारने १९६० मध्येच रद्द केला होता, आईच्या अंत्यविधीलासुद्धा तिला जाता आलं नाही, तरी १९६३ मध्ये ती युनोत उभी राहून वर्णभेदाविरुद्ध बोलली. मग तिच्या रेकॉर्डवरही बंदी. घरी परतली ती थेट १९९० मध्ये.

एकट्या गाण्याने सरकार पडलं असं मी म्हणत नाही, संप होते, बहिष्कार होते, माणसं मेली. पण त्या माणसांना एकत्र धरून ठेवायचं काम या गाण्यांनी केलं. लेखात अमेरिकन गायिका बिली हॉलिडेवर सविस्तर लिहिलंय, छानच आहे, मिनीचं मात्र नावसुद्धा नाही. पुढच्या एखाद्या रविवारी त्याच्यावर अर्धं पान तरी द्या, प्लीज.

- आपला एक नियमित वाचक