काकू, तुम्ही हात पदराखालीच ठेवलेत

काकू,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं तुमच्या ओसरीवर येऊन बोललो असतो, तर "हं, काय त्याचं येवढं" म्हणत तुम्ही सूप उचलून आत निघून गेला असतात. म्हणून लिहितो, आणि चारचौघांसमोर लिहितो. ज्यांनी तेव्हा दात काढले त्यांच्याही वाचनात यावं, एवढा खोडसाळपणा मनात आहे.

पोरगी नागपूरला होस्टेलवर. मे महिन्यात पंधरा दिवस यायची होती. फोनवर म्हणाली, "बाबा, घरी पास्ता करू या का? पाकिटातला नाही, हातानं केलेला." तिची आई गेल्यापासून तिनं तोंडानं काही मागितलं ते हे पहिलंच. मी हो म्हणून बसलो. तेव्हा मला येत काय होतं? वरण-भात, पिठलं, आणि जिल्ह्याच्या नकाशासारख्या पोळ्या.

आधी तालुक्याच्या गावी एका कुकिंग क्लासात गेलो. ५०० रुपये भरून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "काका, ही लेडीज बॅच आहे, तुम्ही बसलात की त्यांना अवघडतं. पैसे पुढच्या बॅचला धरू." ती पुढची बॅच अजून निघायची आहे. भाऊबंदांचं तर सोडाच. "पोया गोल होत नाही अन् निंघाला पास्ता कराले." मोबाइलवरच्या व्हिडिओत १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं असा हिशोब होता. बायको माळकरी होती, तिच्या माघारी अंडं उंबऱ्याच्या आत आणायला मन धजेना. मग अंड्याच्या जागी पाणी ओतलं, तेही अंदाजानं. मळलं, लगेच लाटलं, कापलं आणि लहानशा गंजात कोंबून उकळलं. जी काय खळ झाली, तिच्यावर पोरांनी पतंग चिकटवले असते.

ती खळ उकिरड्यावर टाकताना तुम्ही मला पाहिलंत. हसला नाहीत. "काय करून राह्यला बापू?" विचारलंत. पास्ता म्हणजे पिठाच्या नळ्या, उकडून खायच्या, असं मी कसंबसं समजावलं. तुम्ही घटकाभर विचार केलात आणि म्हणालात, "म्हंजे सरगुंडेच होय की थे." आपल्याकडे काडीवर गुंडाळून करतात त्या रव्याच्या नळ्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आलात. एका डब्यात शेवयांसाठी राखलेला बन्सी गव्हाचा बारीक रवा, आणि हातात ती सरगुंड्याची काडी, वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. रवा परातीत ओतलात, वाटीनं पाणी मोजून दिलंत आणि पाट सरकवून बसलात. (ते माप मी नंतर किराणावाल्याच्या काट्यावर करून पाहिलं. २०० ग्रॅम रव्याला १०० मिलि पाणी, म्हणजे वजनाच्या निम्मं.)

काकू, आता जे सांगायचंय ते एवढंच आहे.

रवा हाताखालून वाळूसारखा सुटत होता. गोळा होईना. मी घाबरून तांब्याला हात घातला. तुमच्या जागी दुसरं कुणीही असतं तर म्हणालं असतं, "आन इकडे, तुले नाही जमत, मी करून देतो." दोन वर्षं मी हेच ऐकत आलो. दवाखान्यात बायकोच्या तोंडाला पाण्याचा चमचा लावला की कुणीतरी तो माझ्या हातातून काढून घ्यायचं. तेरवीला पंगतीत वाढायला उठलो तर भाजीचं पातेलं काढून घेतलं. सगळे मायेनंच करत होते, मला कळतं. पण आपल्याच घरात माणूस पाहुणा होऊन जातो.

तुम्ही दोन्ही हात पदराखाली घेतलेत. आतल्या आत तुमची बोटं हलत होती, ते मला पदरावरून दिसत होतं. पन्नास वर्षं रवा मळलेला हात तो, समोरचा असा गचाळ खेळ बघून त्याला कसं होत असेल! पण हात बाहेर आला नाही. फक्त एवढंच म्हणालात, "घाई नोको करू बापू. रवा पाणी पिऊन राह्यला."

मी तांब्या खाली ठेवला. दहा मिनिटं रेटत राहिलो, आणि गोळा झाला. माझ्या हातानं झाला. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायला लावलात, आणि फडकं दोनदा भिजवायला लावलंत, कारण आपल्याकडच्या वैशाखात उघड्या गोळ्यावर बघता बघता पापुद्रा धरतो. मग बारीक वळ्या करून त्या काडीवर गुंडाळायच्या आणि अलगद सरकवून काढायच्या. पहिल्या सात-आठ तर गोगलगाईच निघाल्या. तुम्ही त्याही धोतरावर बाकीच्यांच्या रांगेत नीट मांडून ठेवल्यात.

पोरगी आली, परात बघून ओरडलीच, "बाबा, हे तर सरगुंडे!" मग तिनंच मोबाइलवर शोधून सांगितलं, की इटलीच्या सिसिली बेटावर बुसियाते नावाचा पास्ता अगदी असाच काडीवर गुंडाळून करतात, आणि ते नावच मुळी एका गवताच्या काडीवरून पडलंय. तिकडे दक्षिणेत रवा आणि पाणी एवढंच घेतात, अंडं जास्त उत्तरेकडचं. त्यांचा तो ड्युरम गहू आणि आपला बन्सी एकाच जातीचे. म्हणजे माळकऱ्याच्या घरीही बाटायचं काही कारण नव्हतं!

शिजवताना मोठा गंज, भरपूर पाणी, लिटरमागे १० ग्रॅम मीठ, आणि पाणी खळखळल्याशिवाय टाकायचे नाहीत, ही तिची शिस्त. काढताना वाटीभर पिठाळ पाणी टोमॅटो-लसणाच्या रश्शात ओतलं, तर रस्सा नळ्यांना असा धरला की ताटात थेंब उरला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले वाफवून आमरसात. ती दोन्ही दिवस दोनदा वाढून घेऊन जेवली. तुम्हाला बोलावलं तेव्हा तुम्ही कोपऱ्यात बसून खाल्लंत आणि पोरीनं "आजी, कोणी शिकवलं बाबांना?" विचारलं, तर म्हणालात, "माले काय मालूम. त्यानंच केले."

गावात अशी माणसं अजून आहेत म्हणायची. परवा आपल्या चक्कीवाल्यानं माझ्या दोन किलो गव्हासाठी चक्की रव्यावर लावून दिली आणि दळणाचे पैसे विचारले तर "पोरगी आली ना" म्हणून मान हलवली. क्लासवाल्यांनी ५०० रुपये घेऊन जे शिकवलं नाही, ते आपल्या एका गल्लीत फुकट मिळालं.

पोरगी होस्टेलला जाताना डबाभर वाळलेले सरगुंडे घेऊन गेली. काडी मात्र माझ्याकडेच राहिली आहे, द्यायचा जीव होत नाही. तुमच्यासाठी बांबूची दुसरी तासून ठेवली आहे. रोज तेलाचा हात फिरवतो, पण अजून खरखरीत आहे, पीठ धरून ठेवते. गुळगुळीत झाली की घेऊन येतो.

तुमचा,
समोरच्या घरातला बापू