संघटना कशी चालवतो, ते विचारलंस म्हणून

कोल्हापूर,
ऑगस्टचा पहिला आठवडा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुमच्या गावात माजी सैनिकांची संघटना काढायचं ठरतंय, जागाही बघून झाली आणि अध्यक्ष कोण यावरून आत्ताच दोन तट पडलेत, हे वाचलं. तुमच्याकडं साताऱ्यात अपशिंगे मिलिटरी, आमच्याकडं शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी. दोन्ही जिल्ह्यांत घराघरांतून माणूस पलटणीत गेलेला, म्हणून संघटनाही गावोगाव आहेत. पण पाटी लागते आणि कामकाज बंद पडतं, असं पुष्कळ ठिकाणी होतं. तुमचं तसं होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितोय.

अध्यक्षाचं नाव नंतर बघा, आधी संघटनेची घटना, म्हणजे नियमावली लिहा. नोंदणी अवघड नाही. किमान सात सभासद लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली एक नोंद आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली दुसरी, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतात. बाहेर टायपिंगवाल्याकडं घटनेचा तयार नमुना मिळतो. गावाचं नाव भरायचं, सह्या करायच्या की झालं. तेवढं करू नका. सभासद कोण, मत कुणाला, पैसे काढायचा अधिकार कुणाला, हे त्या नमुन्यात दोन-चार ओळींत उरकलेलं असतं आणि पुढची सगळी भांडणं त्याच ओळींतून निघतात.

आमच्या संघटनेत शिपायापासून अधिकाऱ्यापर्यंत वर्गणी एक आणि मतही एकच. कागदावर हे सोपं दिसतं, अंगवळणी पडायला फार वेळ गेला. आपली उमेदीची सगळी वर्षं हुकमात गेली, तुला सांगायला नको. दरबारात, म्हणजे पलटणीच्या सभेत, जवान उभा राहून अडचण मांडायचा, सीओसाहेब म्हणजे पलटणीचे प्रमुख ऐकून घ्यायचे आणि निकालही तेच द्यायचे. पलटणीत ते बरोबरच होतं. पण सभेतही सुरुवातीला तेच चाललं. ऑनररी कॅप्टनसाहेब बोलायला उठले की बाकीचे ताठ बसायचे, त्यांनी ठराव मांडला की टाळ्या, मंजूर. विरोधात एक हात वर जायचा नाही आणि नंतर महिनाभर चहाच्या गाड्यावर कुरकुर चालायची. साहेब माणूस म्हणून सोन्यासारखे. त्यांना स्वतःलाच हे खटकायचं. "अरे, कुणीतरी नाही म्हणा की," असं ते म्हणायचे, तरी कुणी म्हणायचं नाही.

मग पलटणीच्या कचेरीत क्लार्क राहिलेल्या एका हवालदारानं वाट काढली. कोर्ट मार्शलमध्ये सदस्यांची मतं घेताना सर्वांत कनिष्ठापासून सुरुवात करतात, वरिष्ठाचं ऐकून खालच्याचं मत झुकू नये म्हणून. तीच रीत आपण घेऊ, असं तो म्हणाला. आता पैशाचा किंवा कार्यकारिणीचा विषय असला की आधी शिपाई आणि नाईक बोलतात, मग हवालदार, मग सुभेदार, आणि शेवटी कॅप्टनसाहेब. त्यांनीच याला अनुमोदन दिलं होतं. सभेचा सगळा रंग बदलला. आपल्याच सैन्याची ही शहाणी रीत आपल्या संघटनांनी का घेऊ नये, हे मला कळत नाही. तुम्ही पहिल्या दिवसापासून घ्या.

दुसरी गोष्ट माझ्या फार जिव्हाळ्याची. छापील नमुन्यात वीरपत्नी आणि आपल्या माणसांच्या विधवा 'सन्माननीय सभासद' असतात. म्हणजे हळदीकुंकवाला आणि सत्काराला बोलवायचं, नारळ-साडी द्यायची आणि मताच्या वेळी विचारायचं नाही. आमचंही तसंच होतं. चंदगडकडच्या एका ताईंची फॅमिली पेन्शन अडली होती. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पार्ट टू ऑर्डर, म्हणजे घरच्या माणसांची नोंद करणारा लष्करी आदेश, कधी निघालीच नव्हती. संघटनेनं पाठपुरावा करून काम केलं. त्या आभार मानायला सभेला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या, "ह्यांची वर्गणी तुम्ही शेवटपर्यंत घेतली. हे गेले तसं घराचं मतही गेलं का?" सभा गप्प झाली.

विचार कर, संघटनेचं निम्मं-अधिक काम कुणाचं असतं? स्पर्श या पेन्शनच्या संकेतस्थळावरचा हयातीचा दाखला, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, पीपीओतली म्हणजे पेन्शनच्या आदेशातली चूक, मुलांचं वसतिगृह. ज्यांना हे सगळं पहिल्यांदाच आणि एकटीनं करायचं असतं, त्यांचीच ही कामं जास्त. ज्यांच्यासाठी संघटना, त्यांनाच तिच्यात आवाज नाही, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. काही जुन्या सभासदांचं म्हणणं होतं की वर्दी घातली त्यालाच मत असावं. त्यांचा अभिमान मी समजू शकतो. पण वर्दीतला माणूस सियाचीनला असताना घर, शेत, म्हातारी माणसं कुणी सांभाळली? विशेष सभा लावली, दुरुस्ती मांडली, वाद रात्रीपर्यंत चालला आणि दुरुस्ती झाली. आज आमच्या खजिनदार एक वीरपत्नी आहेत. पावतीबिगर त्या कुणाला रुपया देत नाहीत, कॅप्टनसाहेबांनाही नाही.

हिशेबाचं थोडक्यात सांगतो. तिघांपैकी दोघांच्या सहीशिवाय चेक नाही. महिन्याचा जमाखर्च फळ्यावर लागतो. ३१ मार्चला वर्ष बंद करून ऑडिट, आणि ते सहा महिन्यांच्या आत धर्मादाय कार्यालयात दाखल. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, लोक त्याला चेंज रिपोर्टच म्हणतात. याच्याकडं सगळे काणाडोळा करतात आणि इथंच संस्था मरतात. आमच्या ओळखीच्या एका संघटनेनं वर्षानुवर्षं हा अर्ज भरलाच नाही. दप्तरी नावं जुनीच राहिली, त्यातले काही जण वारलेले. पुढं दोन गट उभे राहिले, दोघंही म्हणाले आम्हीच खरी कार्यकारिणी. बँकेनं खातं गोठवलं आणि जमलेला कल्याण निधी पडून राहिला. त्यात कुणी चोर नव्हता रे, नुसता कागद वेळेवर दिला नव्हता.

गणपूर्तीचं, म्हणजे सभेला किमान किती जण हवेत याचं कलमही जपून लिहा. सगळीकडं एक सोय असते: गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब, अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा सभा, आणि तिला गणपूर्तीची अट नाही. नेहमीच्या कामाला ठीक आहे. पण याच अर्ध्या तासाच्या आडून पाच-सहा जणांनी संस्थेची जागा भाड्यानं दिल्याचं मी पाहिलंय. आमच्या घटनेत लिहिलंय की घटनादुरुस्ती, जागा आणि मोठा खर्च असे विषय तहकूब सभेत घेता येणार नाहीत. संस्थेचा मूळ उद्देश बदलायचा तर कायद्यानंच तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्यानं दुसरी सभा घेऊन ते कायम करावं लागतं. एवढी तरी अडवणूक असलेली बरी.

आता राजकारण. आमचं कोल्हापूर तुला माहीत आहे. सेवा सोसायटी, दूध संस्था, कारखाना, बँक, जिथं तिथं पॅनेल. तालमीतसुद्धा गट. त्यातून माजी सैनिकांची मतं म्हणजे एकगठ्ठा, असा नेत्यांचा समज. म्हणून आम्ही नियम केला: पदाधिकाऱ्याला कुठल्याही निवडणुकीला उभं राहायचं किंवा कुणाच्या प्रचारात फिरायचं असेल, तर आधी इथला राजीनामा द्यायचा. माणूस म्हणून त्यानं काहीही करावं, सेवेत नव्हता तो हक्क आता आहे. संघटनेचं नाव मात्र व्यासपीठावर न्यायचं नाही. मध्यंतरी एका पुढाऱ्यानं सभागृह बांधून द्यायची तयारी दाखवली. मी विरोधात बोललो. मत झालं, मी हरलो. इमारतीवर त्यांचं नाव लागणार नाही एवढीच अट पास झाली. सभागृह उभं राहिलं, ईसीएचएसची माहिती शिबिरं तिथंच भरतात. माझं मत आजही बदललेलं नाही, पण ठराव झाला त्यानंतर पायाभरणीला मी हजर होतो आणि वाळूच्या पावत्याही मीच तपासल्या.

कार्यक्रमांवरून आमच्यात कधी वाद होत नाही. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन, २६ जुलैला कारगिल विजय दिवस, ७ डिसेंबरला ध्वजदिनाची वर्गणी, १६ डिसेंबरला एकाहत्तरच्या लढाईतल्या बुजुर्गांचा मान. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी पत्रव्यवहार सचिवाकडं. अध्यक्षाची मुदत तीन वर्षांची, सलग दोनदाच.

राहिले तुमचे दोन तट. गावातली वडीलधारी मंडळी म्हणतील, बिनविरोध करा, सैनिकांत भांडण शोभत नाही. ऐकू नका. बिनविरोध म्हणजे बहुतेक वेळा कुणाला तरी गप्प बसवलेलं असतं, आणि तो माणूस परत सभेला येत नाही. दोघांनाही उभं राहू दे. चिठ्ठ्या टाका, सगळ्यांसमोर मोजा, इतिवृत्तात आकडे लिहा. आणि हरलेल्याला कार्यकारिणीत घ्या, त्याच्याकडं हिशेब तपासणी द्या. त्याच्याइतकं बारीक कोण बघणार?

आमच्या घटनेची झेरॉक्स सोबत जोडली आहे. दुरुस्त केलेल्या कलमांवर पेन्सिलीनं खुणा आहेत. सगळी जशीच्या तशी उतरवू नका, तुमच्या गावाला बसतील ती घ्या. आमची वार्षिक सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. त्या दोन्ही उमेदवारांना घेऊन ये. आदल्या रात्री मुक्कामाला या, म्हणजे तांबडा-पांढरा होईल आणि निवांत बोलताही येईल. वहिनींना खास आग्रह करून आण, आमच्या खजिनदारबाईंना त्यांच्याशी बचतगटाबद्दल बोलायचं आहे.

तात्यांना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन कधी ठरतंय ते कळव.

तुझाच,
पलटणीतला मित्र