आडनावातला ळ

तासगाव

चि. सुजय यास अनेक आशीर्वाद.

परवा तू विचारलंस, "बाबा, मी जपानचा पासपोर्ट घेतला तर चालेल का?" आणि मी "बघू" म्हणून फोन आईच्या हातात दिला. फोनवर मला असलं बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

2019 च्या ऑक्टोबरात मी तुझ्याकडे होतो, आठवतं? 12 तारखेला ते हागिबिस वादळ. खिडक्यांना चिकटपट्ट्या, बाथटब पाण्याने काठोकाठ, आणि वारा असा की पत्र्याचं शेड असतं तर शेजारच्या गावात सापडलं असतं. माझा वेळ जावा म्हणून तू लॅपटॉपवर इंग्लंडमधल्या ब्रायटनची, रग्बी विश्वचषकातली जुनी मॅच लावलीस. 19 सप्टेंबर 2015, जपान विरुद्ध दोन वेळचा विश्वविजेता दक्षिण आफ्रिका. त्याआधी विश्वचषकात जपानचा विजय एकच, तोही 1991 मध्ये झिम्बाब्वेवर.

रग्बीचं मला काही कळत नव्हतं. पण शेवटची मिनिटं कळायला कबड्डी पुरेशी होती. जपान 29, आफ्रिका 32. पेनल्टी मिळालेली, चेंडू दांड्यांमधून मारला की तीन गुण आणि बरोबरी. जपानचे प्रशिक्षक एडी जोन्स यांनाही तेच हवं होतं. कर्णधार मायकेल लीचने मात्र स्क्रम मागितला, म्हणजे दोन्हीकडच्या गड्यांनी खांदे भिडवून चेंडूसाठी रेटायचं. मग डावीकडून उजवीकडे, उजवीकडून परत डावीकडे, आणि कोपऱ्यात जपानच्या हेस्केथने रेषेपलीकडे चेंडू टेकवला, पाच गुण. 34-32.

तालुक्याच्या फायनलला शेवटची चढाई माझी होती. बोनस घेऊन मागे फिरलो, बरोबरी झाली, आणि पाच-पाच चढायांत हरलो. कोपरारक्षक बाकीच्यांपासून सुटून एकटा उभा होता, हात लावला असता तर जिंकलो असतो. त्या रात्री लीचकडे बघताना मला तो कोपरारक्षक दिसत होता. तुला सांगितलं नाही.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या वर्षीच्या विश्वचषकात योकोहामाला जपानने स्कॉटलंडला 28-21 ने हरवून पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली. वादळात गेलेल्यांसाठी सगळं मैदान आधी शांत उभं राहिलं. मग राष्ट्रगीत. गाणाऱ्यांतले निम्मे तरी बाहेर जन्मलेले. मी बोललो, खोटं कशाला सांगू, "ही तर भाड्याची टीम." तू चिडलास. नंतर दोन दिवस जेवताना मला लीचची गोष्ट ऐकवत होतास.

ती गोष्ट मी या आठवड्यात पुन्हा उगाळली. क्राइस्टचर्चचा जन्म, वडील न्यूझीलंडचे, आई फिजीची. पंधराव्या वर्षी साप्पोरोच्या यामानोते शाळेत आला, भाषेचा गंध नसताना. त्याच्या आईने त्या वयात त्याला विमानात कसं बसवलं असेल, हे तुझ्या आईने लगेच विचारलं. मला ते सुचलंही नव्हतं. पुढे तोकाई विद्यापीठ, मग फुचूचा तोशिबा संघ, चार विश्वचषक. 2019 च्या विश्वचषकाआधी जपानच्या राष्ट्रगीतात येणारा, खडे एकत्र जमून झालेला तो दगड बघायला सगळ्या टीमला मियाझाकीतल्या एका देवळात नेलं होतं, म्हणजे अर्थ न कळता नुसते ओठ हलवण्यापेक्षा बरं.

पण माझं डोकं अडकलं ते दोन सालांपाशी. जपानची जर्सी 2008 ला, नागरिकत्व 2013 ला. रग्बीत एखाद्या देशाकडून खेळायला त्याचा पासपोर्ट लागत नाही. तेव्हा त्या देशात तीन वर्षं सलग राहिलं की पुरे होतं, आता पाच केलीत. म्हणजे पाच वर्षं तो जपानसाठी अंगावर घेत होता आणि कागदोपत्री न्यूझीलंडचाच होता. कागद मागून आला.

तुझंही तसंच झालंय, फक्त मला कळायला वेळ लागला. बारा वर्षं झाली. गेल्या दिवाळीला आलास तेव्हा झोपेत जपानीत बडबडत होतास, आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तू गेलास तो केव्हाच गेलास. आता नुसता शिक्का मारायचा राहिलाय, आणि त्याला माझी परवानगी कशाला?

वाईट वाटेल. ते माझं मी बघीन, तू त्याची समजूत काढत बसू नकोस.

शेताचं मी तलाठ्याला नाही, वकिलांनाच विचारलं. भारताचं नागरिकत्व सोडलेल्यांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते. तेव्हा सातबाऱ्याची काळजी नको. आणखी दोन एकर घ्यायचा तुझा बेत होता, तो मात्र आता सोड.

नावाचं काय करणार? लीचने नागरिक झाल्यावर आडनाव पुढे आणलं, लीच मायकेल. आपल्या शाळेच्या दाखल्यावर तसंच असतं, त्यामुळे तुला जड जाणार नाही. पण त्यांच्या लिपीत त्याचा 'रीची' झाला, आणि तू म्हणालास की ळ त्यांच्याकडे नाहीच. म्हणजे माळीचा मारी. तुझ्या आजोबांनी शाळेत 'माली' लिहिणाऱ्या मास्तरांशी भांडण केलं होतं.

या वर्षी बेदाणा चांगला उतरलाय. पाच किलो पाठवतोय. डब्यावर आडनाव मराठीतच लिहिलंय, खाली कुरिअरवाल्यांसाठी इंग्रजीत.

तुझा,
बाबा