सर्व्हर रूम आपल्या उन्हाचा हिशोब धरून बांधा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या डेटा सेंटरच्या बातम्या रोजच येताहेत, ऐरोली, महापे, पनवेल, इतके हजार कोटी न तितके हजार कोटी, आणि ते वाचून आमच्याकडचे लोक विचारून राहिले की साक्रीला सोलर आहे, दीपनगरला वीज तयार होते, मग जळगाव-धुळ्याला का नाही? समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्यावर निघतात, तिकडे गर्दी होण्याचं हे एक मोठं कारण. ते असो. मला बोलायचंय ते आपल्याकडे आत्ता असलेल्या सर्व्हर रूमबद्दल, म्हणजे ऑफिसचे मुख्य कॉम्प्युटर ठेवतात त्या खोल्यांबद्दल. पतपेढी, कॉलेज, हॉस्पिटल, नगरपालिका, सगळीकडे आहेत. मी जळगावात नेटवर्क केबलिंगचं काम करतो आणि दर मे महिन्यात तेच बघतो, भर दुपारी सर्व्हर तापून आपोआप बंद, अन् काउंटरवर लोक ताटकळत.

19 जुलै 2022 ला लंडनमधे पारा 40 च्या वर गेला तर गुगल आणि ओरॅकल दोघांच्या तिथल्या डेटा सेंटरचं कूलिंग बसलं. एवढ्या मोठ्या कंपन्या! आपल्याकडे 40 तर एप्रिलमधेच होतं, मे मधे भुसावळला 45-46 ची कुणाला बातमीसुद्धा वाटत नाही. आणि एसीवर जो टनेज लिहिलेला असतो तो बाहेर 35 अंश धरून मोजलेला असतो, 46 ला तोच एसी तेवढी थंडी देत नाही, त्यात आउटडोअर युनिट गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली कोंबलेलं. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी सगळी उष्णता होऊन खोलीत येते, 7 किलोवॅटच्या रॅकला (सर्व्हर बसवायच्या कपाटाला) 2 टन थंडी लागतेच, मग आपल्या उन्हासाठी वर मार्जिन पाहिजे आणि एक बंद पडला तर दुसरा एसी पाहिजे. हे टेंडर काढताना कोणीच धरत नाही, दीड टनाचा घरगुती स्प्लिट बसवला की झालं काम! सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा 18 ते 27 अंश असावी अशी अॅश्रे या एसी-कूलिंगवाल्या इंजिनियरांच्या संस्थेची शिफारस आहे. रॅकमधल्या रिकाम्या जागा साध्या ब्लँकिंग पॅनलने (कोऱ्या झाकणपट्टीने) झाकल्या तरी मागची गरम हवा पुढे फिरायची थांबते, खर्च किरकोळ आहे, पण तेही कुठे दिसत नाही.

आता केबलचं. तांब्याच्या केबलचा लॉस, म्हणजे वाटेत सिग्नल कमकुवत होणं, तापमानाबरोबर वाढतो, 20 अंशांच्या पुढे 40 पर्यंत दर अंशाला 0.4 टक्के आणि 40 ते 60 मधे 0.6 टक्के, म्हणजे नियमाने 90 मीटर चालणारी कॅट-सिक्स नेटवर्क केबलची लाईन 60 अंशांत सुमारे 75 मीटरच धरायची. पत्र्याखालून नाहीतर तापलेल्या स्लॅबला चिकटवून लाईन नेली तर केबल चांगलीच तापते, मग मे मधे नेट का रडतं याचं उत्तर तिथेच आहे, उगाच नेटवर्कचा स्विच (केबल जिथे जोडतात ती पेटी) बदलत बसतात. त्यात सगळ्यात कमी रेट वाल्याला काम गेलं की तो सीसीए केबल टाकतो, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा. ती स्टँडर्डमधे बसतच नाही, वळवली की तुटते, आणि कॅमेऱ्याचा करंट त्याच वायरमधून दिला तर आणखी तापते. हातातल्या लाईटवाल्या टेस्टरवर मात्र ती पास होते, कारण तो फक्त वायर जोडली गेलीय का एवढंच सांगतो, क्रॉसटॉक (एका जोडीचा सिग्नल शेजारच्या जोडीत शिरणं) न लॉस त्याला कळत नाही. फ्लूकसारख्या कंपनीच्या सर्टिफाय करणाऱ्या मशीनवर एकेक पॉईंट तपासला पाहिजे. वरून झिप टाय करकचून ओढतात, केबल दबते, तिथे वेल्क्रो वापरा, ही तर अगदी साधी गोष्ट आहे.

एका ऑफिसात रॅकमागे शेकडो वायरी, एकीला लेबल नाही. अशा ठिकाणी फॉल्ट शोधायला आख्खा दिवस जातो आणि तेवढा वेळ लोकांची कामं बंद.

तेव्हा नगरपालिका, झेडपी, कॉलेजं, पतपेढ्या, सगळ्यांना विनंती आहे की पुढच्या टेंडरमधे या अटी टाका, कूलिंगचा हिशोब बाहेर 47 अंश धरून, केबल शुद्ध तांब्याची, दोन्ही टोकांना लेबल, आणि प्रत्येक पॉईंटचा टेस्ट रिपोर्ट. आणि तो रिपोर्ट हातात आल्याशिवाय बिल पास करू नका.

आपला,
एक नेटवर्क टेक्निशियन, जळगाव