सच्याला, अ‍ॅजाइलबद्दल

जुळे सोलापूर

सच्या,

काय बे, नव्या टीममध्ये स्क्रम चालतं, मला त्यातलं काही कळत नाही म्हणालास. फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितोय, लांबलं तर चहा घेऊन वाच.

अ‍ॅजाइल म्हणजे सॉफ्टवेअर थोडं थोडं करून, दाखवून, सुधारत पुढं जायची विचारसरणी, आणि स्क्रम ही त्यातलीच कामाची एक पद्धत. इतिहास लै मोठा नाही. 2001 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला 17 जण जमले आणि अ‍ॅजाइलचा छोटासा जाहीरनामा लिहिला, चार मूल्यं आणि बारा तत्त्वं. स्क्रम त्याच्याही आधीचं, केन श्वाबर आणि जेफ सदरलँडनी 1995 मध्ये मांडलेलं. जाहीरनाम्यातलं एक लक्षात ठेव, प्लॅनला चिकटून बसण्यापेक्षा बदल झाला की त्याप्रमाणं वळणं जास्त मोलाचं. प्लॅन नकोच असं म्हटलेलं नाही हां! लोक मात्र डॉक्युमेंट लिहायचा कंटाळा आला की लगेच अ‍ॅजाइल होतात.

आमचंच बघ. एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर करतोय, मालकांना विचारलं काय काय पाहिजे तर म्हणाले सगळंच. मग आम्ही फक्त ऑर्डर नोंदवायची स्क्रीन केली आणि दोन आठवड्यांनी नेऊन दाखवली, तर त्यांचे हिशेब बघणारे काका म्हणाले अहो इथं नगच टाकता येतायत, आमचा निम्मा माल किलोवर जातो. आता हे आधी कितीही प्रश्न विचारले असते तरी निघालं नसतं, कारण त्यांच्या दृष्टीनं त्यात सांगण्यासारखं काय आहे? स्प्रिंट म्हणजे हेच, जास्तीत जास्त एक महिना, आणि शेवटी चालणारं काहीतरी समोरच्याच्या हातात. बाकीच्या मीटिंगा यासाठीच आहेत.

कामांची यादी म्हणजे बॅकलॉग, आणि त्यात आधी काय हे ठरवणारा प्रॉडक्ट ओनर एकच पाहिजे. आमच्याकडं मालक एक सांगायचे, त्यांचा मुलगा दुसरं, शेवटी मुलाचं नाव पक्कं करून घेतलं. डेली स्क्रम म्हणजे रोजची 15 मिनिटांची मीटिंग, ती डेव्हलपर लोकांनी आपसात आजचं काम लावायला, साहेबाला हजेरी द्यायला नाही. स्क्रम मास्टर म्हणजे टीमला स्क्रम नीट वापरायला मदत करणारा, तो पण मुकादम नव्हे. तुमच्याकडं सगळे त्याच्याकडंच तोंड करून बोलत असले तर समज काय चाललंय ते.

स्टोरी पॉइंटला, म्हणजे काम किती मोठं याच्या अंदाजाच्या आकड्याला, घाबरू नको, स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत नियमांच्या पुस्तिकेत, ते नाहीतच, लोकांनी नंतर जोडलेत. पॉइंट म्हणजे तास नव्हे, आणि दोन टीमचे पॉइंट शेजारी ठेवून कोण जास्त काम करतं हे काढणारा मॅनेजर भेटला तर गप्प ऐकून घे, नवीन आहेस.

मला स्वतःला कानबानचा बोर्ड जास्त आवडतो, ही पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली. भिंतीवर तीन रकाने, करायचंय, चाललंय, झालं, आणि मधल्यात माणशी दोनच चिठ्ठ्या. तिसरी लावायची तर आधीची एक संपव. यानं जेवढं काम पुढं सरकतं तेवढं कुठल्या मीटिंगनं सरकत नाही, पण पहिले काही दिवस सगळे वैतागतात.

सर्टिफिकेटचे पैसे आत्ता घालू नको बे. स्क्रम गाइड फुकट आहे, 2020 चं घे, 15 पानांच्या आत संपतं. आणि गेल्या गेल्या एवढं विचार की तुमच्यात काम ‘झालं’ कधी म्हणतात, कोड लिहिल्यावर का टेस्टिंग झाल्यावर. दोघांनी दोन उत्तरं दिली तर रात्री फोन कर, मग पुढचं बोलू. आईनं शेंगा चटणी करून ठेवलीय, पुण्याला कोण येतंय बघतो.

तुझा,
अव्या