अकराव्या जोडीतले एक अक्षर

तासगाव,
रविवार

चि. सौ. प्राजक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सांगलीहून माझा रिपोर्ट आला. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा ए-टू हा प्रकार ५.२ टक्के, म्हणजे तुझ्या ५.४ च्या अगदी शेजारचा आकडा. एरवी तो साधारण साडेतीनच्या आत असतो. तुझ्या आईचा २.६ आला. तेव्हा गुरुवारी फोनवर तू रडत रडत जे विचारलेस त्याचे उत्तर मिळाले आहे: थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे जनुक तुला माझ्याकडून आले. ‘माझ्यातच दोष आहे’ हे वाक्य तू पुन्हा उच्चारू नयेस, एवढ्यासाठी लिहायला बसलो आहे. सुहासरावांच्या तपासणीबद्दल त्या दिवशी मी तीनदा विचारले आणि तू फोन ठेवलास, म्हणून तो विषय या पत्रात काढायचा नाही असे ठरवले आहे.

तू आठवीत असताना आपण पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवून त्याला मुळे आणली होती, ते तुला आठवत असेल. मुळाचे टोक रंगवून, काचपट्टीवर ठेवून, वरून अंगठ्याने हलके दाबून तू सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलास आणि बराच वेळ काही बोललीच नाहीस. कांद्याच्या पेशीतील सोळा गुणसूत्रांची नक्कल होऊन त्या नकला दोन टोकांकडे ओढल्या जात होत्या. ‘बाबा, दोन्हीकडे अगदी सारखी वाटणी झाली,’ असे तू म्हणालीस. सूत्री विभाजन मी वर्षानुवर्षे फळ्यावर काढले, पण ते इतक्या थोड्या शब्दांत माझ्या वर्गात कोणी सांगितले नव्हते. आपल्या बागेतल्या द्राक्षवेली याच वाटणीने वाढतात. खुंटावर ज्या वेलीचा डोळा, म्हणजे अंकुर, भरावा, तीच वेल आपल्या अडतीस गुणसूत्रांनिशी पुन्हा उभी राहते.

माणसाचे मूल असे डोळा भरून होत नाही. बीजपेशी तयार होताना अर्धसूत्री विभाजन होते, तेव्हा २३ जोड्या फुटतात आणि प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र पुढे जाते. फुटण्याआधी जोडीतली दोन्ही गुणसूत्रे एकमेकांना बिलगून तुकड्यांची अदलाबदलही करतात, म्हणून तर तुझ्या कपाळावर माझी आई, आक्का, आहेत आणि हट्टात माझे वडील, आबा. माझ्या अकराव्या जोडीत एका गुणसूत्रावरचे बीटा ग्लोबिनचे, म्हणजे हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारे, जनुक बिघडलेले आहे आणि दुसऱ्यावरचे चांगले आहे. तुला बिघडलेले जाण्याची शक्यता निम्मी होती, आणि ते गेले. दादाच्या वेळीही शक्यता निम्मीच होती, म्हणून त्यालाही रक्त द्यायला सांगितले आहे. यात तुझे काही चुकले नाही, आणि माझेही नाही, असे तुझी आई कालपासून मला सांगते आहे.

बिघाड म्हणजे तरी किती? गुणसूत्रांवरचा सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर ए, टी, जी आणि सी या चारच अक्षरांत लिहिलेला असतो आणि पेशी दुभंगण्याआधी प्रत्येक वेळी त्याची नक्कल होते. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक आढळणारा बदल एका ठिकाणी जीच्या जागी सी येण्याचा आहे. आपल्या तालुक्यात थॉमसन सीडलेस या द्राक्षाच्या वाणात निराळ्या मण्यांची वेल दिसली ती अशाच बदलातून, आणि तिला लोकांनी तास-ए-गणेश म्हणून जपले. तुझ्याकडे दुसरे जनुक चांगले आहे, त्यामुळे तू आजारी नाहीस, केवळ वाहक आहेस. लहानपणी तुझे हिमोग्लोबिन साडेदहाच्या वर जात नसे, तेव्हा मी लोहाच्या गोळ्या आणल्या आणि पालेभाजी टाकतेस म्हणून ताटावर रागावलो. ते रागावणे आज मला फार लागते.

पण दोघेही वाहक असतील तर गोष्ट वेगळी होते, प्राजक्ता. मग प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी, की बाळाला दोन्हीकडून बिघडलेलेच जनुक मिळेल. पहिल्याला झाले म्हणून दुसरे सुटले, असा हिशेब इथे नसतो. फासा दर वेळी नव्याने पडतो. अशा बाळाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. सुहासराव वाहक नसतील, तर फार तर बाळ तुझ्यामाझ्यासारखे होईल. देशात शंभरात तीन-चार माणसे वाहक असतात, तेव्हा ते नसण्याचीच शक्यता अधिक आहे. पण तुला नववा आठवडा आहे, आणि पोटातल्या बाळाची तपासणी करायची वेळ आलीच तर ती अकराव्या-बाराव्या आठवड्यात करावी लागते.

ठरवूनही तिथेच आलो आणि वर्गात उभा असल्यासारखे बोललो. रागावू नकोस.

कारण तुझ्या मोठ्या आत्याचा बंडू आहे. मोठी आत्या आक्कांच्या माहेरीच दिलेली, हे तुला ठाऊक आहे. बंडू सहा महिन्यांचा झाल्यापासून पांढरा पडत गेला, पोट एका बाजूने फुगले आणि चौथ्या वर्षी गेला. मी त्याला खांद्यावर घेऊन बांधापर्यंत नेत असे. त्याचे वजनच लागत नसे. कोणी रक्त तपासले नाही. सगळ्यांनी आत्यालाच बोल लावला आणि तिने तो जन्मभर ऐकून घेतला. एकाच घराण्यातले ते अक्षर तिच्याकडून आणि काकांकडून असे दोन्हीकडून आले असावे, असे काल रिपोर्ट हातात धरल्यावर प्रथमच माझ्या मनात आले, आणि मला बसस्थानकावर बसून राहावे लागले.

विहीणबाई ‘हे बाईकडूनच येते’ म्हणाल्या, ते मनावर घेऊ नकोस. त्यांना मी समजावून सांगेन, आणि माझा रिपोर्टही दाखवेन. गुरुवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे पुण्याला येत आहोत. आईने डिंकाचे लाडू केले आहेत. गोळ्या मात्र डॉक्टरांनी लिहून दिलेल्याच घे. लोह मनाने वाढवू नकोस.

सुहासरावांना एवढेच सांग, की या तपासणीला उपाशीपोटी राहावे लागत नाही. कामावर जाता जाता वाटेत रक्त देता येते.

तुझा,
बाबा